पुन्हा मुरडलेली करंजी आणि नणंदेची गोधडी

पत्र: ताई, मी डोंबिवलीत राहते, नोकरी करते. दिवाळीचा फराळ ‘सगळ्यांनी मिळून’ करायची आमच्याकडे पद्धत आहे. म्हणजे मी लाटते, मी तळते, नवरा चकली चाखायला येतो, आणि मी भरलेली प्रत्येक करंजी सासूबाई चकार शब्द न काढता उचलून पुन्हा मुरडतात. यंदा नणंदेने काढलंय की आईच्या जुन्या नऊवारींची गोधडीही सगळ्यांनी मिळून शिवायची. ऐकूनच पोटात गोळा आला. वर १३ वर्षांच्या लेकाला आजीचं शिलाई मशीन चालवायचंय, तर घरचे त्याला हसतात. मला खरं तर फराळ विकत आणायचाय. कसं बोलू? – डोंबिवलीची सूनबाई

सूनबाई,

फराळ विकत आण. सगळा नको, पण आण. अनारसे तर डोळे मिटून आण. तांदूळ ३ दिवस भिजवा, रोज पाणी बदला, कापडावर पसरा, दमट असतानाच दळा, गूळ घालून पीठ मुरवा, आणि एवढं करून अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, की रडायचं आपण. संध्याकाळच्या लोकलमध्ये उभं राहून घरी येणाऱ्या बाईने हा उद्योग करायची काही गरज नाही. शंकरपाळेही त्याच पिशवीत येऊ देत. आणि हे सासूबाईंना तू नको, तुझ्या नवऱ्याला सांगू दे. आई त्याची आहे. “आई, यंदा अनारसे, शंकरपाळे विकतचे, बाकीचं घरी,” एवढंच बोलायचं त्याने. तुझं नाव मधे घ्यायचं नाही.

आता करंजी. तुला झोंबतं ते समजतं. पण सासूबाई नुसता खोडसाळपणा करत नाहीयेत, हेही बघ. कड नीट बंद झाली नाही तर करंजी तेलात उकलते, सारण बाहेर पडून जळतं, तेल काळं होतं आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला त्याचे कण चिकटतात. ही धास्ती त्यांच्या बोटांत बसली आहे. म्हणून मुरड त्यांनाच देऊन टाक. तू पाऱ्या लाटायच्या, सारण भरायचं, कड दुधाच्या बोटाने चिकटवायची आणि ताट त्यांच्यापुढे सरकवायचं. तू मुरडच घातली नाहीस, तर त्या उसवणार काय?

तुमच्या घरात काम वाटलेलं नाही, नुसती बसायची जागा वाटलेली आहे. सगळे एका परातीभोवती, आणि जबाबदारी एकटीची. म्हणून एकेक पदार्थ एकेकाच्या नावावर अख्खा कर, बिघडवण्याच्या हक्कासकट. चकली नवऱ्याची. सोऱ्या दाबायला दंडात जोर लागतो, तो त्याच्याकडे असेलच. चकली तुटली तर उकड कोरडी झालीय, मऊ पडली तर तेल पुरतं तापलं नव्हतं किंवा मोहन जास्त झालं, हे त्याचं त्याला कळू दे. तू तेव्हा स्वयंपाकघरात थांबू नकोस, थांबलीस की झारा आपोआप तुझ्या हातात येतो. आणि कढई, सोऱ्या घासून जागेवर गेल्याशिवाय चकली ‘झाली’ म्हणायची नाही.

गोधडीला मात्र तू उगाच घाबरतेस. मला विचारशील तर मिळून करायला फराळापेक्षा गोधडी कितीतरी बरी. गरम तेल नाही, धनत्रयोदशीच्या आत संपवायची घाई नाही, टाका वाकडा गेला तरी धुतल्यावर दिसत नाही. दोन तास बसा, गुंडाळून ठेवा, महिन्याने पुन्हा उलगडा. फक्त दिवाळीआधी हात लावायचा नाही. नणंद भाऊबीजेला येईल तेव्हा सुरुवात, आणि ज्याने काढलं त्याने निस्तरायचं, या न्यायाने अर्धी शिवून झाली की उरलेली तिच्या घरी.

साड्या सासूबाईंनीच निवडायच्या. त्यांच्या कपाटाला तुम्ही दोघींनी परस्पर हात लावलात तर मी तुमच्या बाजूने नाही. कुठल्या लुगड्यात कोण जन्मलं, कुठलं कुणाच्या बारशाला घेतलं, ते त्या काढता काढता सांगतील. ऐकून घ्या, आणि एखादं परत घडी घालून ठेवलं तर ‘का’ म्हणून विचारू नका. मऊ झालेलं सुतीच घ्या. सिंथेटिक साडी सरकते, अंगाला गरम होते. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, म्हणजे चार घड्यांत दोन मीटर लांबीचा चौपदरी थर. एका माणसाची गोधडी एका लुगड्यात होते, वर अस्तर काय ते वेगळं. हॉलमध्ये फरशीवर पसरा, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवा, मधून बाहेरच्या बाजूला हाताने सुरकुत्या काढत मोठे कच्चे टाके घाला. मग बोटभर अंतराने धावदोरा. प्रत्येकाने आपली कडा धरायची. सासूबाईंचे टाके तांदळाएवढे, तुझे शेंगदाण्याएवढे येतील. राहू देत. त्या उसवायला लागल्या तर नणंदेने बोलायचं, लेकीचं चालतं.

राहता राहिला लेक. हसणाऱ्यांना विचार, नाक्यावर पँटची उंची कमी करून देणारा मास्तर कोण असतो? संत नामदेव शिंप्याच्याच घरातले. आजीला बोटात सुई जाईल ही काळजी असेल, तर शिवणक्लासात करतात तसंच करा. आधी दोरा न ओवता, वहीच्या रेघी कागदावर सुई चालवायची, छिद्रं रेघेवर पडेपर्यंत. पुढे कोपरे, मग गोल. मोटर असेल तर ती काढून पायाने चालवू दे, वेग त्याच्या ताब्यात राहील. मग जुन्या उशीचे अभ्रे, आणि त्यानंतर गोधडीच्या अस्तराचा जोड त्याच्याकडे. शिकवायचं आजीने. तू त्या वेळी भाजी आणायला जा.

– ताई