माथेरानला एका दिवसात काय काय होतं?

प्रश्न: आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता साठीला आलोय. डिसेंबरमधे एक दिवस माथेरानला जायचं ठरवलंय, मुक्काम नाही. ती आदल्या रात्री माझ्याकडे डोंबिवलीला येईल. तिचा गुडघा दुखतो, सपाटीवर चालते पण चढ फारसा झेपत नाही. मुलगा म्हणतो घोडा करून बारा पॉइंट बघून या, नाहीतर जाऊन उपयोग काय. एका दिवसात जमेल का? आणि टॉय ट्रेनने जावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, नक्की जा आणि बारा पॉइंटचं डोक्यातून काढून टाका. मी दरवर्षी माझ्या मैत्रिणीबरोबर जाते, पहिल्या वर्षी आम्हीही असेच पॉइंट मोजत फिरलो आणि संध्याकाळी ट्रेनमधे बसल्यावर लक्षात आलं की दिवसभरात दोघींचं धड एक बोलणं पूर्ण झालं नव्हतं. तुम्ही दोनच ठिकाणं करा, शार्लोट लेक आणि त्याच्याजवळचा एको पॉइंट, बस.

जाताना सकाळची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा आणि नेरळला उतरा. नेरळहून वर जाणारी टॉय ट्रेन छान आहेच, दोन फूट रुंदीची लाइन, 1904 ते 1907 मधे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशातून बांधलेली, जेमतेम 21 किलोमीटर पण वळणं एवढी की वर पोचायला अडीच तासांच्या वर लागतात. मुक्काम असता तर मीच म्हटलं असतं बसा म्हणून, पण एका दिवसात तेवढा वेळ गाडीत घालवू नका. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते, ती दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते. त्यापुढे गाड्यांना बंदी. तिथून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन, तिथून माथेरानपर्यंत हीच छोटी गाडी शटल म्हणून चालते, म्हणजे टॉय ट्रेनची हौसही भागते आणि गुडघाही वाचतो. शनिवार-रविवार टाळा, तिकिटाला लांब रांग असते. आणि वर पोचल्या पोचल्या स्टेशनवर परतीच्या शेवटच्या शटलची वेळ विचारून ठेवा, हे विसरू नका.

बाजारापासून लेक दीड-दोन किलोमीटर. जाताना हलका उतार, येताना तेवढाच चढ. रस्ता सगळा झाडीतून, भर दुपारीही सावली, पण मधे मधे जांभ्याचे दगड आणि झाडांची मुळं वर आलेली असतात तिथे तिने तुमचा हात धरावा. येताना तिच्यासाठी घोडा करायचा तर दर आधी ठरवून घ्या. हॉर्न नाही, इंजिन नाही, मागून घोडा येतो तो टापांवरूनच कळतो, आणि तासाभराने तुमच्या लक्षात येईल की तुम्ही दोघी हळू आवाजात बोलायला लागलात. मला माथेरान आवडतं ते ह्यासाठी.

लेकच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे. दर्शन घ्या आणि मग पाण्याकडे तोंड करून निवांत बसा, घड्याळ न बघता. डबा मात्र तिथे उघडू नका. माझ्या मैत्रिणीच्या मांडीवरून माकडाने शेंगदाण्याची पुडी उचलली होती, ती घाबरून उठली आणि पाय मुरगळला, तेव्हापासून आम्ही बाजारातच आत बसून जेवतो. पिशवीही चेनची घ्या, प्लास्टिकची कॅरीबॅग दिसली की माकडं येतातच.

एको पॉइंट तिथून जवळ आहे. कठड्याच्या आत उभं राहून एकमेकींना शाळेतल्या नावाने हाका मारा, समोरच्या कड्यावरून हाक परत येते तेव्हा काय वाटतं ते मी लिहून सांगू शकत नाही!

सूर्यास्ताच्या मोहात पडू नका. पॉर्क्युपाइन पॉइंटवरून तो फार सुंदर दिसतो पण मग अंधारात परत यावं लागतं, शटल चुकते आणि दस्तुरीपर्यंत चालणं तिच्या गुडघ्याला जड जाईल. चारच्या सुमारास बाजारात या, चहा घ्या, चिक्की घ्या.

आणि मैत्रिणीला जुने, पकड असलेले बूट घालायला सांगा, पांढरे मोजे अजिबात नकोत, तिथली लाल माती घोट्यापर्यंत चढते आणि दोन धुण्यातही निघत नाही.