घाबरल्यावर पिल्लू कसं सावरतं?

प्रश्न : आम्हाला ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं आहे. घरात पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. सात आठवड्यांची पिल्लं बघून आलो. एक सगळ्यांना ढकलत आमच्या अंगावर आलं, एक कोपऱ्यातून हललंच नाही. सोबतच्या गृहस्थांनी प्रत्येकाला उताणं करून छातीवर हात दाबून धरलं. जे धडपडलं ते हट्टी निघणार आणि जे पडून राहिलं ते गरीब, असं ते म्हणाले. यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक

उत्तर : नाही, या परीक्षेवरून निवड अजिबात करू नका. अनोळखी माणसाने दाबून धरलं की पिल्लू सुटायला धडपडणारच, त्यात हट्टीपणा कसला? मला काळजी वाटते ती निपचित पडून राहणाऱ्याची. अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, सारखं ओठ चाटतंय, अशी लक्षणं असतील तर ते गरीब नाही, भीतीने थिजलेलं आहे. सातव्या आठवड्यात, काही जण तर नेमक्या ४९व्या दिवशी, पिल्लांच्या स्वभावाची अशी परीक्षा घेऊन त्यांना गुण देतात. पण तीच पिल्लं मोठी झाल्यावर तपासली तेव्हा त्या गुणांशी त्यांच्या वागण्याचा फारसा मेळ बसला नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे.

मग बघायला जायचंच नाही का? जरूर जा, आणि पुन्हा एकदा, वेगळ्या वेळी जा. कोपऱ्यातलं पिल्लू कदाचित नुकतंच झोपेतून उठलं असेल किंवा पोटभर खाऊन सुस्तावलं असेल. या वेळी एकेका पिल्लाला भावंडांपासून दूर, त्याने न पाहिलेल्या जागी न्या आणि तुम्ही जमिनीवर बसा. थोडा वेळ काहीच करू नका. मग त्याच्यापासून चार-पाच पावलांवर किल्ल्यांचा जुडगा पडू द्या. कानाशी नको. पिल्लू दचकेल, मागे सरेल, ते चालतं. खरं बघायचं ते त्यानंतर. थोड्या वेळात मान पुढे काढून ते जुडगा हुंगायला आलं, तर अशा पिल्लाला मी धीट म्हणते. शेपूट पायांत घालून बसलं, खाऊ पुढे केला तरी तोंड लावत नाही, तुम्ही लांब सरकलात तरी बाहेर येत नाही, असं दोन्ही भेटींत झालं तर ते पिल्लू तुमच्या घरासाठी घेऊ नका. दया येईल, मलाही येते. पण प्रौढ ग्रेट डेन ५० किलोंच्या पुढे सहज जातो. एवढं जनावर घाबरून मागे ओढायला लागलं तर सासूबाईंना आवरेल का? लहान मूल नसलेलं, शांत घर त्याला मानवेल.

किल्ल्यांच्या आवाजाने कानही हलवला नाही, तर त्याला धीट समजू नका. माझ्याकडे एकदा काळे-पांढरे ठिपके असलेलं, म्हणजे हार्लेक्विन रंगाचं पिल्लू आणलं होतं. भांडं पडलं तरी झोपून राहतं, फार शांत स्वभावाचं आहे, असं घरचे कौतुकाने सांगत होते. ते दोन्ही कानांनी बहिरं होतं. हार्लेक्विन आणि पांढऱ्या ग्रेट डेनमध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो, आणि एकच कान बंद असेल तर घरी कळतही नाही. तुम्ही रंग लिहिलेला नाही. तशा रंगाचं पिल्लू असेल तर कानांची तपासणी करून घ्या.

पिल्लांइतकीच त्यांची आई बघा. नवख्या माणसावर ती आधी भुंकेल, ते साहजिक आहे. मालक जवळ असताना निवळते की नाही, ते पाहा. भित्रेपणा रक्तातून येतो आणि आईला बघूनही पिल्लं तो उचलतात. तिला दाखवायलाच टाळाटाळ होत असेल, तर मी तिथून पिल्लू घेणार नाही.

ढकलत आलेलं पिल्लू वाईट नाही, पण त्याची धसमुसळेगिरी तुमच्या मुलीला झेपणार नाही. दुसऱ्या भेटीला तिला सोबत न्या आणि खाली बसवा. येऊन हुंगेल, खेळायला निघून जाईल, पुन्हा आपणहून तिच्याकडे येईल, असं पिल्लू मी तुमच्यासाठी निवडेन.

मात्र लगेच आणू नका. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला आई-भावंडांत राहू द्या. दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू त्यांच्याकडूनच शिकतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे नवं बघायला मिळतं, ते त्याच्या ओळखीचं होतं. त्यातले आठ ते दहा आठवडे नाजूक असतात, त्यात मोठी धास्ती बसली तर ती टिकते. म्हणून पहिला प्रवास आणि पहिली लस सावकाश, खाऊ देत होऊ द्या. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पण रोज कडेवर घेऊन बाहेरचं जग दाखवा.

सहा महिन्यांनंतर हेच धीट पिल्लू रस्त्यातल्या कचरापेटीलाही बिचकेल. मोठ्या जाती मनाने मोठ्या व्हायला दोन वर्षं घेतात, तेव्हा रागावू नका. पण हात लावताच गुरगुरायला लागलं, तर स्वभाव बिघडला असं ठरवण्याआधी त्याची हाडं आणि सांधे तपासून घ्या. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांना तिथे वेदना होऊ शकतात.