त्यांची भाकरी कुणाच्या हातात होती

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलून भागेल असा हा विषय नाही, म्हणून बसून लिहितो. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष अर्ध्यावर टाकायचं, डिचोली सोडून मुंबईला जायचं आणि पूर्ण वेळ पूल, म्हणजे क्यूच्या काठीनं टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा आपला खेळ, खेळायचा, असं तुझ्या मनात आहे. सौदीतल्या जेद्दाची फायनल तू पाहिलीस. जून २०२४ मधल्या त्या जागतिक स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम दहा लाख डॉलर होती. फेडर गोर्स्टनं सामना १५-१४ असा शेवटच्या रॅकवर, म्हणजे शेवटच्या डावावर काढला आणि अडीच लाख डॉलर घेऊन गेला. असलं काही बघून तुझ्या वयात झोप उडाली नाही तरच नवल.

पण मेसेजच्या शेवटी तू विचारलंस, ‘काका, पूर्वीच्या मोठमोठ्या प्लेयरांचं पुढे काय झालं?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. म्हापशाला आपल्या हॉलमध्ये टेबलावर येणारी पोरं कोण जिंकलं ते विचारतात, जिंकून झाल्यावर पुढे काय झालं ते सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

या लोकांबद्दल मी जे वाचत-ऐकत आलोय त्यावरून माझं मत पक्कं झालंय. त्यांचं पुढचं आयुष्य हातातल्या कसबावर फारसं ठरलं नाही. कसब सगळ्यांकडेच होतं. त्यांची भाकरी कुणाच्या हातात होती, त्यावर ते ठरलं.

विली मोस्कोनी घे. जन्म १९१३, गाव फिलाडेल्फिया. बापाचाच पूल हॉल, पण पोरानं या नादाला लागू नये म्हणून बाप बॉल कुलपात ठेवायचा. मग हे पोर आईच्या स्वयंपाकघरातले बारीक बटाटे घेऊन झाडूच्या दांड्यानं सराव करायचं. पुढे १९४१ ते १९५७ या काळात तो पंधरा वेळा जगज्जेता झाला. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनीय सामन्यात त्यानं एकही न चुकवता सलग ५२६ बॉल घातले. तो विक्रम साठ वर्षांहून जास्त टिकला. आता यातली आपल्या कामाची गोष्ट बघ. मोस्कोनीचं घर या पंधरा किताबांवर चाललं नाही. ब्रन्सविक ही टेबलं बनवणारी कंपनी त्याला गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळायला पाठवायची आणि त्याचे पैसे द्यायची. १९५६ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून तो उठला. पुढे १९६१ च्या एका गाजलेल्या हॉलिवूड सिनेमासाठी पूलचा सल्लागार म्हणून काम केलं. १९९३ मध्ये वारला तेव्हा त्याचं नाव शाबूत होतं. आज युरोप आणि अमेरिका दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात, तो त्याच्याच नावाचा आहे.

त्याच्या आधीचा राजा राल्फ ग्रीनलीफ. १९१९ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि पुढची वीस वर्षं वरचेवर होत राहिला. त्या काळी लोक त्याला नटासारखं बघायला येत. दारूनं खाल्लं त्याला. १९५० मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी गेला. यावर मी जास्त लिहीत नाही. आपल्याकडे निम्मी टेबलं बारमध्येच आहेत आणि जिंकणाऱ्यासमोर कुणी ना कुणी पेग ठेवतोच. तुझ्या आईला ज्याची भीती वाटते ती हीच. तिची भीती खरी आहे, ती उडवून लावू नकोस.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो स्टीव्ह मिझेराक. १९७० ते १९७३ अशी लागोपाठ चार वर्षं पूलची यूएस ओपन जिंकणारा हा माणूस न्यू जर्सीत शाळामास्तर होता. दिवसा वर्गात शिकवायचा, सुट्टीत स्पर्धा. मग टीव्हीवर बियरची एक जाहिरात मिळाली, त्यात त्यानं ट्रिक शॉट मारला आणि पूल न खेळणारी माणसंही त्याला ओळखायला लागली. पुढे फ्लोरिडात स्वतःचा हॉल काढला, वयस्क खेळाडूंसाठी वेगळी टूर सुरू केली. २००६ मध्ये, ६१ व्या वर्षी गेला. शाळेची नोकरी करून तो अर्धाच खेळाडू राहिला, असं त्याच्याबद्दल कुणी म्हणेल का? चार यूएस ओपन आहेत बाबा! उलट नोकरी होती म्हणूनच एखादी स्पर्धा हरला तरी रात्री कुणाकडे हात पसरायची वेळ त्याच्यावर आली नाही.

जीन बालुकस नवव्या वर्षी यूएस ओपन खेळली. १९७२ पासून पुढे सात वेळा ती स्पर्धा जिंकली. १९८८ मध्ये एका फायनलनंतर वाद झाला, महिला खेळाडूंच्या संघटनेनं दंड ठोठावला, तिनं तो भरला नाही आणि खेळ सोडला. परत आलीच नाही. ऐन उमेदीत असं उठून जाणं तिला कशामुळे जमलं, याचा मी पुष्कळ विचार केला. तिचा स्वाभिमान तर होताच, पण ब्रुकलिनमध्ये घरचा हॉल होता. तो तिनं चालवला. ज्याच्या मागे घर उभं असतं त्याला ‘नाही’ म्हणता येतं.

आणि जेनेट ली. काळ्या कपड्यातली ‘ब्लॅक विडो’, तिचे व्हिडिओ तू पाहिले असशील. पाठीचा कणा लहानपणापासून वाकडा, त्यावर शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया, तरी जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०२१ मध्ये अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तोही चौथ्या टप्प्यातला. तीन मुलींच्या भविष्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. लोकांनी भरभरून दिली, हे त्यांचं प्रेम. पण इतक्या नावाजलेल्या खेळाडूवर ती वेळ आली, हे वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता जरा सावकाश वाच. २००५ मध्ये केविन ट्रूडो नावाच्या माणसानं अमेरिकेत पूलची एक टूर सुरू केली. टीव्हीवर पुस्तकं विकून पैसा केलेला हा माणूस. म्हणाला, पूलपटूंना गोल्फवाल्यांसारखे पैसे मिळाले पाहिजेत. कुणाला पटणार नाही? निवृत्त झालेला जगज्जेता माइक सिगल परत आला. जगभरातून खेळाडू नाव नोंदवायला धावले. जुलै २००६ मध्ये लास वेगासला मोठी स्पर्धा झाली, जर्मनीच्या थॉर्स्टन होमाननं साडेतीन लाख डॉलर जिंकले. सप्टेंबरात रीनोला दुसरी, तिथे फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस जिंकला. बक्षीस पाच लाख डॉलर. इतकी मोठी रक्कम तोपर्यंत पूलमध्ये कुणी पाहिली नव्हती. आणि स्पर्धा संपल्यावर कळलं, पैसेच नाहीत. खेळाडूंना रक्कम पुढे हप्त्याहप्त्यानं मिळत राहिली. टूर तिथेच आटोपली. या ट्रूडोला २०१४ मध्ये दहा वर्षांची कैद झाली, ती पुस्तकाच्या जाहिरातींच्या वेगळ्याच प्रकरणात. पण या टूरच्या भरवशावर ज्यांनी आपलं गणित मांडलं होतं त्यांनी काय करायचं?

हे तुला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा तू शाळेत असशील, पण दारात उभा राहिलेला बाबांचा खनिजाचा ट्रक तुला आठवत असणार. तुझे बाबा कष्टाला कधीच कमी नव्हते. ट्रक चांगला होता, ड्रायव्हर चांगला होता, रस्ता तोच होता. खनिज थांबलं आणि बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. डिचोली-सांखळीत घराघरात हे झालं. एका धन्यावर सगळं घर टांगलं की काय होतं, हे तुमच्या घरानं सोसलंय. बाबा तुला ‘आधी डिग्री’ म्हणतात ते पूल कळत नाही म्हणून म्हणत नाहीत.

रेयेसचं पुढे काय झालं, ते राहिलंच. हा माणूस लहानपणी मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला. रात्री टेबलावरच झोपायचा, उंची पुरत नाही म्हणून कोकच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा. १९९४ मध्ये नाइन-बॉल या प्रकारातली यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी. १९९६ मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडशी जो आधी १२० रॅक घेईल तो जिंकला अशी लढत झाली, ती त्यानं १२०-११७ अशी काढली. तीन दिवस खेळून फरक तीन रॅकचा! १९९९ मध्ये जगज्जेता. आणि २०२२ मध्ये हनोईच्या आग्नेय आशियाई स्पर्धेत, ६७ व्या वर्षी, कॅरममध्ये कांस्य. आपला बोटांनी खेळायचा कॅरम नव्हे, पॉकेट नसलेल्या टेबलावरचा. त्याला रीनोच्या पैशांसाठी थांबावं लागलं, पण त्याच्या देशानं त्याला टाकलं नाही.

आपल्या देशात हे काम कुणी केलं, तेही बघ. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. नंतर त्यांनी मुलं घडवली आणि १९९६ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवला. गीत सेठींनी १९९२ मध्ये मुंबईत बिलियर्ड्समध्ये १२७६ चा ब्रेक केला, म्हणजे एकदाही न चुकता सलग तेवढे गुण घेतले, आणि पुढे प्रकाश पदुकोण यांच्याबरोबर ऑलिम्पिकसाठी खेळाडू तयार करणारी संस्था उभी केली. बिलियर्ड्स-स्नूकरवाल्या पंकज अडवाणीला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची नोकरी आहे. त्यानं इतके जागतिक किताब निश्चिंत मनानं जिंकले, त्यामागे महिन्याचा पगार आहे, हे विसरू नकोस. आपला खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. एशियन गेम्समध्ये १९९८ पासून होता, तोही २०१० नंतर काढला. सरकारी पैसा पदकाच्या मागे जातो, त्यामुळे या नोकऱ्यांच्या जागा थोड्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारे फार. त्यातली एखादी तुला मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण बऱ्याच ठिकाणी अर्जालाच पदवी लागते रे.

आता तू मेसेजमध्ये लिहिलंस त्या कळंगुटच्या शेठबद्दल. तो म्हणतो, ‘तू फक्त खेळ, पैसे मी लावतो, जिंकलं तर अर्धे तुझे.’ ऐकायला गोड आहे. अमेरिकेत असे शेठ शंभर वर्षांपासून आहेत आणि त्यांचा हिशेब कसा चालतो ते ऐक. पहिल्या रात्री तू वीस हजार हरलास, ते त्यानं भरले. दुसऱ्या रात्री तीस हजार जिंकलास. तुला वाटेल पंधरा हजार आपले. तसं नसतं. आधी कालचे वीस हजार वळते होतात, उरलेल्या दहातले पाच तुझे. दोन महिने पडते गेले तर तुझ्या नावावर लाखाचा आकडा उभा राहतो. तो फिटेपर्यंत दुसऱ्याकडे जाता येत नाही, आणि हातात रुपयाही येत नाही. मग एक दिवस तोच म्हणतो, आज जरा हरून दाखव, समोरच्याला पुढच्या वेळी मोठा डाव लावू दे. तिथे खेळ संपतो. त्याला नाही म्हण. माझं नाव सांगून म्हण, हवं तर.

तू खेळ सोडावास असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. तुझा स्ट्रोक सरळ आहे, डोकं थंड आहे, आणि सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असा फटका, खेळताना तू जो वेळ घेतोस तो फार थोडी मुलं घेतात. ब्रेक, म्हणजे डाव फोडायचा पहिला फटका, मात्र कच्चा आहे. जोर लावताना खांदा उचलतोस, त्यामुळे पांढरा बॉल टेबलाच्या मध्ये थांबायचा तो कडेच्या कुशनला जाऊन चिकटतो. त्यावर आपण मे महिन्यात काम करू, सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत.

आणि दुसरं काम शीक. आपल्या पावसात टेबलाचं काय होतं ते तू पाहिलंयस. जुलैत कापड ओल धरतं, बॉल धावत नाही, जूनपर्यंत बरोबर बसणारा बँक शॉट, कुशनला आपटून घालायचा तो, पॉकेटच्या अलीकडे मरतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कितीतरी हॉटेलांत, बारमध्ये, क्लबांत टेबलं पडून आहेत. कापड फाटलेलं, लेव्हल गेलेली, आणि दुरुस्तीला माणूस बाहेरून बोलवावा लागतो. कापड ताणून बसवणं, कापडाखालच्या दगडी स्लेटचे सांधे भरणं, क्यूची टिप बदलणं, हे सगळं हातानं शिकायचं काम आहे. ज्याला ते येतं त्याला ऑक्टोबर ते मार्च फुरसत मिळणार नाही. शिवाय लहान मुलांना शिकवायला लाग. आपल्या हॉलमध्ये रविवारी सकाळचं एक टेबल मी तुला देतो, फी तू ठरव, ती तुझीच. शिकवताना स्वतःच्या चुका लवकर दिसतात, हा त्यातला जास्तीचा फायदा.

मुंबईला जरूर जा, पण परीक्षा देऊन जा. राज्याच्या आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रवेश फी मी भरीन, ती तुझ्या नावावर मांडणार नाही.

कापड बसवणारे गृहस्थ बेळगावहून एप्रिलच्या शेवटी येणार आहेत. तुझ्याबद्दल त्यांच्याशी बोललोय, हाताखाली घ्यायला तयार आहेत. पेपर कधी संपतात ती तारीख कळव, म्हणजे त्यांना पक्की वेळ सांगतो. आणि हे पत्र बाबांना वाचायला दे. खाणीचं लिहिलंय ते त्यांना लागेल, पण त्यांनी वाचावं असं मला वाटतं. त्यांना काही विचारायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांग.

तुझा,
काका