कॉम्प्युटर नसताना जुन्या हॉलिवूडमध्ये वादळ, पूर, भूकंप इतके खरे कसे दाखवायचे?

खरं सांगू का, बिल्डिंगचं छोटं मॉडेल बनवणं हे त्यातलं सोपं काम होतं, खरी डोकेदुखी होती ती वेळेची. म्हणजे बघा, 64 फुटी बिल्डिंगवरून दगड पडला तर खाली यायला 2 सेकंद लागतात, पण तुमच्या मॉडेलमधली तीच बिल्डिंग 4 फुटांची असेल तर ढिगारा अर्ध्या सेकंदात खाली आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. मग करायचं काय, तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा, सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम, आणि दाखवताना नेहमीच्या स्पीडने दाखवायचं, की पडणाऱ्या भिंतीला आपोआप वजन येतं.

माझा सगळ्यात आवडता नमुना म्हणजे 1939 च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधलं चक्रीवादळ. स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या अर्नोल्ड गिलेस्पीच्या टीमने आधी रबराचा शंकू करून बघितला, तो वळेचना, मग मलमलीचा 35 फुटी लांब मोजा शिवला! वरचं टोक छताजवळच्या सरकत्या क्रेनला, खालचं टोक स्टेजच्या फटीतून खालच्या गाडीला, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेने हलवायचे म्हणून ते वादळ असं नागमोडी चालतं. बुडाशी मुलतानी माती हवेच्या प्रेशरने उडवली, त्यामुळे धुळीचा लोटही दिसतो आणि कापड जमिनीत शिरतं ती जागाही झाकली जाते, एका मातीत दोन कामं, मला तर हे फार म्हणजे फारच भारी वाटतं. आणि घर आकाशातून खाली येतं ना, ते छोटं घर त्यांनी आकाश रंगवलेल्या जमिनीवर टाकून शूट केलं आणि फिल्म उलटी चालवली, की घर आकाशातून आपल्याकडे येताना दिसतं, बस.

आगीचं म्हणाल तर 'गॉन विथ द विंड'साठी 10 डिसेंबर 1938 च्या रात्री स्टुडिओच्या आवारातले जुने सेटच पेटवून दिले, 'किंग काँग'ची भिंतसुद्धा त्यातच गेली.

पाणी मात्र सगळ्यात अवघड, कारण मॉडेल कितीही लहान करा, थेंब काही लहान होत नाही, म्हणून पुराची मॉडेल्स शक्य तेवढी मोठी बांधावी लागतात. स्पेशल इफेक्ट्सचं पहिलं ऑस्कर मिळालं तेही 'द रेन्स केम'ला, भारतातल्या एका काल्पनिक संस्थानात भूकंप होऊन धरण फुटतं अशी गोष्ट आहे, आणि त्या वर्षी नॉमिनेशनमध्ये 'द विझर्ड ऑफ ऑझ' आणि 'गॉन विथ द विंड' हे 1939 चे दोन्ही सिनेमे होते. धरणाचा सीन आवर्जून बघा, माझ्या मते निकाल बरोबर होता.