‘क्रांतिकारी’ पक्ष की ‘क्रांतिकारक’?

प्रश्न असा आहे: मेक्सिकोतल्या ‘पीआरआय’चं नाव मराठीत कुठे ‘संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष’, तर कुठे ‘संस्थात्मक क्रांतिकारक पक्ष’ असं छापतात. बरोबर कोणतं? आणि क्रांती संस्थात्मक कशी असेल?

मराठीत माणूस ‘क्रांतिकारक’ असतो. वासुदेव बळवंत फडके क्रांतिकारक. गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, जे पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते, तेही क्रांतिकारकच. माणसाला ‘क्रांतिकारी’ म्हणणं ही हिंदीची सवय आहे आणि ती मला खटकते. शोध, निर्णय, बदल यांना ‘क्रांतिकारी’ शोभतं. पक्षाला दोन्ही चालतात. ‘ति’ मात्र दोन्हीकडे ऱ्हस्वच.

अडचण वेगळीच आहे. ‘कारी’ काय किंवा ‘कारक’ काय, अर्थ ‘करणारा’ असाच होतो. या पक्षाला क्रांती करायची नव्हती. ती होऊन गेली होती. स्पॅनिशमधल्या ‘रेवोलुसिओनारिओ’चा अर्थ ‘क्रांती करणारा’ असा होतो, तसाच ‘क्रांतीचा, क्रांतीशी नातं सांगणारा’ असाही होतो. इथे दुसरा अर्थ घ्यायचा, आणि क्रांती म्हणजे १९१० ची.

ती क्रांती पोर्फिरिओ दियासच्या प्रदीर्घ राजवटीविरुद्ध झाली. क्रांतीची हाक देणाऱ्या फ्रान्सिस्को मादेरोची घोषणा होती: खरं मतदान, आणि फेरनिवड नाही. १९१७ साली राज्यघटनाही आली. पण जिंकलेलेच एकमेकांच्या जिवावर उठले. मादेरो १९१३ मध्ये मारला गेला, सापाता १९१९ मध्ये, कारान्सा १९२० मध्ये, विया १९२३ मध्ये. ओब्रेगोन १९२८ मध्ये पुन्हा अध्यक्षपदी निवडून आला आणि सूत्रं हाती घेण्याआधीच मेक्सिको शहरातल्या एका उपाहारगृहात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर, १ सप्टेंबर १९२८ रोजी, मावळता अध्यक्ष काय्येस याने संसदेपुढे सांगितलं की ‘काउदियों’चे, म्हणजे फौजेच्या बळावर पुढारी झालेल्यांचे, दिवस संपले, आता देश संस्थांवर चालला पाहिजे. ‘संस्थात्मक’ या शब्दाचं मूळ तिथे आहे.

पक्ष मार्च १९२९ मध्ये केरेतारो इथे स्थापन झाला, तोही सत्तेवर बसलेल्यांनीच. पुढचा अध्यक्ष कोण, हे बंदुकीऐवजी घरातल्या घरात ठरावं, हे त्याचं पहिलं काम. नावं तीन झाली: १९२९ मध्ये ‘राष्ट्रीय क्रांतिकारी पक्ष’, १९३८ मध्ये अध्यक्ष लासारो कार्देनासच्या काळात ‘मेक्सिकन क्रांतीचा पक्ष’, आणि १९४६ पासून आजचं. मधल्या नावात सरळ षष्ठी आहे, ‘क्रांतीचा’. वरच्या अर्थाला याहून चांगला पुरावा नको.

या पक्षाने सत्तांतरातला रक्तपात थांबवला, हे त्याचं मोठंच काम. फेरनिवडीची बंदीही पाळली. दर सहा वर्षांनी अध्यक्ष बदलला. पण उत्तराधिकारी मावळत्या अध्यक्षानेच निवडायचा. या प्रथेला तिथले लोक ‘देदासो’ म्हणतात, ‘देदो’ म्हणजे बोट. बोट ज्याच्याकडे वळेल तो अध्यक्ष. २००० साली विसेन्ते फॉक्सने या पक्षाला हरवेपर्यंत अध्यक्षपद त्याच्या हातून गेलं नाही. मादेरोच्या घोषणेतली फेरनिवड थांबली खरी, पण खऱ्या मतदानाचा पत्ता नव्हता. क्रांतीचा वारसा एकाच पक्षाच्या नावावर चढला की मतदाराकडे मोहोर उठवण्यापलीकडे काही उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बातमीत ‘संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष’ हे रूढ रूप ठेवावं. समजावून सांगायचं तर ‘क्रांतीचा संस्थारूप पक्ष’ म्हणावं. ‘संस्थानिक’ मात्र कधीही लिहू नये, तो शब्द राजेरजवाड्यांचा. आणि याच पक्षातून फुटून लासारोंचे पुत्र क्वाउतेमोक कार्देनास यांनी १९८९ मध्ये जो पक्ष उभा केला, त्याला ‘लोकशाही क्रांतिकारी पक्ष’ म्हणू नये. तिथे ‘लोकशाही’ हे विशेषण क्रांतीचं आहे. म्हणून ‘लोकशाही क्रांतीचा पक्ष’.