पहिला पर्याय बंद झाला की पोरगा काय करतो?

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या की एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट (प्रोफेशनल टीम कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम) बघायला मी पहाटे साडेपाचला उठतो, बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों आणि आत टीव्हीवर पहिल्या नंबरचं नाव, आणि झालं, यावेळी पत्रं आली ती सगळी त्याच्यावरच. निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, भाई, तुम्ही गोव्याचे, फातोर्ड्याला मॅच बघत मोठे झालात, आणि ह्या हाताने खेळायच्या फुटबॉलच्या नादाला कसे लागलात? सांगतो. नऊ वर्षं तारवटी होतो, फ्लोरिडाहून सुटणाऱ्या क्रूझवर, किचनमध्ये. क्रू मेसमध्ये टीव्ही एकच आणि तो रविवारी अमेरिकन लोकांच्या ताब्यात. पहिलं वर्ष शिव्या घातल्या, दुसऱ्या वर्षी नियम विचारले, तिसऱ्या वर्षापासून सगळ्यांच्या आधी खुर्ची धरून बसायचो. आता पत्रं.

प्रश्न : माझा भाचा डॅलसला असतो. तो म्हणतो कॉलेजात ज्याने सगळ्यात जास्त यार्ड फेकले तो क्वार्टरबॅक आधी उचलायचा, सरळ हिशेब. मग हे प्रोफेशनल टीमवाले चार-चार महिने काय तपासत बसतात? आणि एवढं तपासून परत चुकतात कसे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : दादा, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एनएफएल म्हणजे तिथली प्रोफेशनल लीग, तिच्यात ३२ टीम, ड्राफ्टच्या ७ फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला पहिली निवड (नंबर विकता-बदलता येतो, सगळी गंमत तिथेच आहे). क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डावाला बॉल येतो आणि अडीच-तीन सेकंदात ज्याला ठरवायचं असतं की कोणाला फेकू, आणि तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याला आडवा करायला धावत येत असतात.

आता यार्ड, म्हणजे त्याच्या पासवर टीम जेवढी पुढे सरकली ते अंतर. भाच्याला सांगा, आज ज्याचं एवढं नाव आहे त्या पॅट्रिक माहोम्सने २०१६ मध्ये टेक्सस टेककडून ५,०५२ यार्ड फेकले, तरी त्याची टीम १२ पैकी ७ मॅच हरली आणि २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तो १० व्या नंबरला गेला. भाच्याच्या हिशेबाने तो पहिलाच जायला पाहिजे होता, आणि आज मागे वळून बघितलं तर भाचा बरोबर वाटेल, पण कारण चुकीचं आहे. त्या कॉलेजची खेळायची पद्धतच अशी होती की जो तिथे उभा राहील तो ढिगाने यार्ड करणार, म्हणून लोकांना त्या आकड्यांचा भरवसा नव्हता, आणि ते काही मूर्ख नव्हते. बाजूला दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या गड्याकडे बॉल फेकला, पुढचे चाळीस यार्ड तो गडी पळाला, तर ते चाळीसही क्वार्टरबॅकच्याच खात्यात जमा होतात!

मैदानही वेगळं. ग्राऊंडच्या मध्यावर ज्या दोन तुटक रेषा असतात, जिथून डाव सुरू होतो, त्या कॉलेजात एकमेकींपासून ४० फुटांवर आणि प्रोमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजात एका अंगाला भलीमोठी मोकळी जागा पडते, बचाव करणाऱ्यांना ती झाकताना नाकीनऊ येतात. प्रोमध्ये गेलं की ती जागा गायब. कॉलेजात गडी मोकळा आहे म्हणजे दोन हात मोकळा, प्रोमध्ये मोकळा म्हणजे वीतभर, आणि तीसुद्धा तो वळल्यावर अर्धा सेकंद, म्हणून बॉल तो वळायच्या आधी सुटायला लागतो. बघून फेकणारा पोरगा तिथे उशिराच पोचणार, हात कितीही दणकट असू दे.

मी काय बघतो ते सांगतो. आमच्या जहाजावर एक जुना अमेरिकन कुक होता, तरुणपणी शाळेत कोचिंग केलेला. तो मेसमध्ये कॉलेजची मॅच लागली की स्टीलच्या ट्रेचं झाकण घेऊन यायचा आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर धरायचा, मागचे लोक ओरडायचे, पण हा हलायचा नाही. बॉल कुठे गेला ते दिसायचंच नाही, दिसायचे फक्त क्वार्टरबॅकचे पाय. म्हणायचा, बॉल खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत. आधी मला वाटलं चक्रम आहे. पण महिनाभर असं बघितल्यावर दिसायला लागलं ना! एकाचे पाय पहिल्या गड्याकडे रोखलेले, तो बंद झाला की दुसऱ्याकडे वळतात, मग तिसऱ्याकडे, छोट्या छोट्या उड्या, जणू तापलेल्या तव्यावर उभा आहे पण घाई नाही. दुसऱ्याचे पाय पहिला गडी बंद झाला की लगेच गोठतात, नाहीतर सरळ पळ काढतात. तो दुसरा पोरगा कॉलेजात पळून सुटतो, कारण मागे लागलेले पोरगेच असतात.

मला तर नेहमी आपल्याकडच्या जत्रेतल्या नाटकाची आठवण येते. तालमीत सगळेच खणखणीत बोलतात. पण रात्री दोन वाजता, समोर अख्खा गाव, आणि समोरच्या नटाने मधलं एक पान खाल्लं, विंगेतल्या प्रॉम्प्टरला पण कळेना आपण कुठे आहोत, त्यावेळी जो गडी चेहरा न बदलता दोन वाक्यं स्वतःची टाकून नाटक परत रुळावर आणतो तो खरा. २०२४ मध्ये मोठ्या कॉलेजांतही हेल्मेटमध्ये रेडिओ आला, तोवर बऱ्याच कॉलेज टीममध्ये हा प्रॉम्प्टर म्हणजे बाजूला उभा कोच, पोरगा प्रत्येक डावाआधी मान वळवून त्याच्याकडे बघायचा आणि समोरच्या बचावाचं वाचन कोचच करून द्यायचा. एनएफएलमध्ये हेल्मेटमध्ये कोचचा रेडिओ असतो खरा, पण डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद राहिले की तो बंद होतो, पुढचं सगळं त्याच्यावर.

आणि हे असं तपासायचं कुठे? इंडियानापोलिसला दरवर्षी कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी, भरतं, तिथे पोरं चड्डीवर पळतात, उड्या मारतात, आणि बॉल फेकतात तेव्हा अंगावर कोणीच येत नाही. म्हणजे तालीमच. टॉम ब्रेडीला तिथे ४० यार्ड पळायला ५.२८ सेकंद लागले, २००० मध्ये तो सहाव्या फेरीत १९९ व्या नंबरला गेला, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले होते, आणि पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकले. उलट जामार्कस रसेल, २००७ चा पहिला नंबर, हात असा की बघत राहावं, आणि तीन मोसमात खेळ खलास. १९९८ मध्ये तर पेटन मॅनिंग घ्यावा की रायन लीफ यावर लोक खरोखर भांडत होते! मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा, आणि लीफ चार-पाच वर्षांत बाहेर.

चुकतात कसे म्हणाल तर मला वाटतं सगळ्यात मोठी चूक म्हणजे थोडंसं बघून खूप ठरवणं. मिच ट्रुबिस्कीने कॉलेजात फक्त १३ मॅच सुरुवातीपासून खेळलेल्या, तरी शिकागोने २०१७ मध्ये एक पायरी वर चढायला जास्तीच्या निवडी दिल्या आणि त्याला दुसऱ्या नंबरला घेतलं, माहोम्स तिथेच पडून होता. ट्रे लान्सच्या १७ मॅच, त्याही छोट्या लीगमध्ये, त्याच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोने तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी घातल्या, २०२१ मध्ये तिसरा नंबर. तिथे तो सुरुवातीपासून खेळला चारच मॅच. आणि त्याच टीमची गाडी शेवटी कोणी ओढली, तर २०२२ च्या ड्राफ्टमधला एकदम शेवटचा, २६२ वा, ब्रॉक पर्डी, जो कॉलेजात चार वर्षं खेळून सगळ्या प्रकारची माती खाऊन आलेला. लान्सला पुढे चौथ्या फेरीच्या निवडीवर डॅलसला देऊन टाकला, भाच्याला विचारा, त्याला आठवत असेल.

प्रश्न : उंची आणि हाताचा पंजा मोजतात म्हणे. खरं काय? — म्हापसा

उत्तर : मोजतात, इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजतात, मानकुराद आंबे घेताना बायका देठाचा वास घेतात तेवढ्या मन लावून. पण कायलर मरे ५ फूट १० इंच, २०१९ चा पहिला नंबर. रसेल विल्सन ५ फूट ११, तिसऱ्या फेरीत गेला आणि सुपर बोल जिंकला. जो बरोचा पंजा ९ इंच भरला तेव्हा त्याने स्वतःच त्यावर विनोद केला, आणि दोन वर्षांत सिनसिनाटीला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. पूर्वी १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धीची परीक्षा पण घ्यायचे, वंडरलिक नावाची, ती २०२२ मध्ये कंबाइनमधून काढून टाकली. बुटका असला तर त्रास होतो, नाही असं नाही, समोर साडेसहा फुटी भिंत असते. पण उंच पोरगा चुकीच्या गड्याकडे बघत असेल तर उंचीवरून त्याला चुकीचा गडीच जास्त स्पष्ट दिसणार.

प्रश्न : जॉश ॲलनचं काय? कॉलेजात त्याचे पास धड लागत नव्हते, आणि २०२४ च्या मोसमात तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे नेम शिकवता येतो ना? — मडगाव

उत्तर : ह्या एका माणसाने भल्याभल्यांना बिघडवलंय. वायोमिंगमध्ये त्याचे १०० पैकी ५६ पास लागायचे, बफेलोत पहिल्या वर्षी ५३ च्या खाली, आणि २०२० मध्ये एकदम ६९. असं सहसा होत नाही हो! पण एकदा झालं म्हणून प्रत्येक टीमला वाटतं आपल्याकडे पण होईल. २०२३ मध्ये इंडियानापोलिसने अँथनी रिचर्डसनला चौथ्या नंबरला घेतलं, तोही असाच, अंगापिंडाने राक्षस, कॉलेजात १३ मॅच, पास लागायचे ५४ टक्के. दुसऱ्याच मोसमात मधेच बाकावर बसवला. नेम थोडाफार सुधारतो, पाय नीट पडले की, पण अख्खा ड्राफ्ट त्या आशेवर लावू नये, असं माझं मत.

आणि हा जुगार परवडतो तो पैशामुळे. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलरचं कंत्राट मिळालं, पोरगा फसला असता तर टीम बुडाली. २०११ पासून नवीन पोरांच्या पगाराला लगाम बसला, कॅम न्यूटन पहिला नंबर आणि चार वर्षांचे २.२ कोटी. स्वस्तात मिळतोय तर लावा पैसे, असं झालंय.

प्रश्न : चूक पोराची की टीमची? — पेडणे

उत्तर : बऱ्याचदा टीमची. सॅम डार्नल्ड २०१८ चा तिसरा नंबर, न्यूयॉर्क जेट्सकडे. २०१९ मध्ये एका मॅचमध्ये त्याच्या अंगावर माईक लावलेला होता आणि तो बाकावर बसून बोलला की मला भुतं दिसतायत, आणि ते टीव्हीवर गेलं, अख्खा देश हसला. समोर त्याला वाचवणाऱ्या गड्यांची भिंत नाही, दर वर्षाला नवा गोंधळ, दिसणारच भुतं. तोच पोरगा २०२४ च्या मोसमात मिनेसोटाकडून १४ मॅच जिंकला. माहोम्ससुद्धा पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला, अँडी रीडसारखा कोच, म्हणून २०१८ मध्ये मैदानात आला तो ५० टचडाऊन (आपल्या फुटबॉलमधले गोल समजा) घेऊनच. तो शिकागोला गेला असता तर काय झालं असतं? माझ्या मते ५० तर नक्की नाही.

प्रश्न : भाई, माझा नातू न्यू जर्सीला आहे, १३ वर्षांचा, शाळेत क्वार्टरबॅक खेळतो. मुलाने त्याला बॉल फेकायला शिकवायला वेगळा कोच ठेवलाय, महिन्याचे पैसे ऐकून मला घेरी आली. पोरात काही आहे का, हे आत्ता कळतं का? — एक काकी, साखळी

उत्तर : काकी, नाही कळत. जो बरोला २१ व्या वर्षी पण कळलेलं नव्हतं, पहिल्या कॉलेजात जागाच मिळाली नाही म्हणून दुसऱ्यात गेला, तिथे पहिल्या मोसमात १६ टचडाऊन, आणि पुढच्या मोसमात ६०. तेव्हा तेराव्या वर्षी सांगणारा जो कोणी असेल तो पैसेच मोजत असणार. नातवाला दुसरे खेळ पण खेळू दे, माहोम्सला तर बेसबॉलवाल्यांनीही २०१४ मध्ये निवडलेलं, ते वेडंवाकडं वळून फेकणं तिथूनच आलंय म्हणतात.

मला स्वतःला चौदाव्या वर्षी एका क्लबच्या ट्रायलला दहा मिनिटांत घरी पाठवलं होतं, अंगाने बारीक म्हणून, बॉलला पाय लागायच्या आत. त्यामुळे ह्या विषयात मी थोडा कडू आहे, ते धरूनच वाचा.

तरी मुलाला सांगा एका मॅचचा व्हिडिओ पाठव, मी बघतो, घरात ट्रेचं झाकण नाही पण परात आहे. फक्त नातवाचे चांगले चांगले पास जोडून पाठवू नको म्हणावं. ज्या डावात त्याचा बॉल समोरच्या टीमने पकडला तो डाव, आणि त्यानंतर तो बाकाकडे चालत जातो, पाणी पितो, परत मैदानात येतो ती सगळी मिनिटं न कापता.