बेसिल पिवळी पडतेय? खत राहू द्या, आधी बोअर बघा

मातीविना, नुसत्या खताच्या पाण्यावर वाढवलेल्या तुमच्या बेसिलची तक्रार वाचली: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी पडल्याची खूण. रात्री पीएच ६ वर आणून झोपायचं आणि सकाळी मीटर परत ७.८ दाखवणार. थंडीभर सगळं झकास आणि पाडव्यानंतर घसरगुंडी. तुमचा प्रश्न वाचताना तीन वर्षांपूर्वीची माझी गच्चीच डोळ्यांपुढे आली. इंदिरानगरला, चार बाय तीन मीटरचं शेडनेट, एनएफटी पाइपात (आतून खताच्या पाण्याचा पातळ प्रवाह सतत फिरतो) बेसिल, पार्सली, कोथिंबीर. खताची अ आणि ब द्रावणं वेगळ्या टाक्यांत ठेवणं वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही.

आधी एकच सांगा: मार्चपासून तुमच्या सोसायटीने नळाच्या पाण्यात बोअर मिसळायला सुरुवात केलीय का? आमच्याकडे तेच झालं होतं, आणि कोणी कळवलंही नव्हतं. मी मात्र दोन महिने उन्हाला दोष देत बसलो. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं, ५० टक्क्यांची दुसरी नेट चढवली. (गोणपाट आजही ठेवतो. टाकीचं पाणी २५-२६ अंशांच्या वर गेलं की मुळं कुजायला वेळ लागत नाही. पण तो आजार वेगळा, त्यात मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. तुमची पांढरी आहेत म्हणताय.)

मग पाणी तपासायला दिलं. कुठे ते लिहीत नाही. खिडकीवर पहिला प्रश्न, "सातबारा आणलाय?" म्हटलं, गच्ची आहे. "मग गट नंबर काय टाकायचा?" तीन फेऱ्या, दोन अर्ज, एकदा बाटलीच हरवली. एकोणीस दिवसांनी कागद हातात पडला, त्यावर शिक्का: पिण्यास योग्य. या पाण्यावर रोपांना लोह का कमी पडतं, असं विचारलं तर "लिहिलंय ना योग्य म्हणून" एवढंच उत्तर.

पण खरी घोडचूक माझी. त्याच कागदावर खाली 'एकूण क्षारता ३८४' (लिटरमागे मिलिग्रॅम; म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं त्याचं माप) असं स्वच्छ छापलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, दुसरी सोय नसेल तर, ती ६००पर्यंत चालते, म्हणून शिक्का चुकीचा नव्हताच. मातीविना वाढणाऱ्या रोपांना मात्र ती साधारण १००च्या आत लागते. मी शिक्का वाचला, आकडा वाचला नाही. शेवटी दिंडोरीचा मावसभाऊ जेवायला आला होता, द्राक्षबागवाला माणूस. कागद बघून म्हणाला, "दादा, असल्या पाण्यात आम्ही औषधपण कालवत नाय, आधी सामू उतरवतो." सामू म्हणजे पीएचच.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, क्षारता येते ती त्याचीच. आम्ल टाकलं की त्यातलं थोडं मोडून कार्बन डायऑक्साइड होतो. रात्रभर हवेचा पंप तो उडवून लावतो आणि पीएच परत वर चढतो. वर आपण रोज नवं पाणी ओतून नवं बायकार्बोनेट घालतोच. पीएच ६.५ च्या वर गेला की ईडीटीएतलं लोह (नेहमीच्या खतात लोह विरघळलेलं ठेवायला ईडीटीए हे रसायन जोडलेलं असतं) टिकत नाही. टाकीत लोह असतं, रोपाला मिळत नाही. टीडीएस मीटर विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, त्याला यातलं काही कळत नाही; त्याने दाखवलेल्या ९००वर विसंबू नका.

मी त्यावर फॉस्फोरिक आम्ल ओतत राहिलो. ते तर आणखी वाईट. ३८४ची क्षारता त्याने १००च्या आत आणायची तर लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस पडतो, आणि या रोपांना ३० ते ५० पुरतो. पाइपात पांढरा साका बसला तो त्याचाच. सायट्रिक आम्लही दोन दिवसांचं पाहुणं, जिवाणू ते खाऊन टाकतात. नायट्रिकच्या वाटेला घरात कोणी जाऊ नये, हे माझं ठाम मत.

मी करतो ते असं: तीन भाग आरओचं पाणी, एक भाग बोअरचं. ३८४चं ९६ होतं, आणि थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम बोअरमधूनच येतं, त्यामुळे कॅल्शियम-मॅग्नेशियमची महागडी 'कॅल-मॅग' बाटली घ्यावी लागत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी गच्ची धुवायला. जून ते सप्टेंबर पत्र्यावरचं पावसाचं पाणी, पहिल्या दोन सरी सोडून. तातडीचा उपाय म्हणून ईडीडीएचएचं लोह (हे वरच्या पीएचलाही टिकतं) आणा, बऱ्याच कृषी सेवा केंद्रांत मिळेल. पाणी लालसर होईल, घाबरू नका. जुनी पिवळी पानं सुधारतील अशी आशा धरू नका, नवा शेंडा बघा.

मी शेतीचा पदवीधर नाही आणि तुमचं बोअर म्हणजे माझं बोअर नव्हे. म्हणून तुम्ही म्हणताय ते 'स्पेशल हर्ब न्यूट्रिएंट' खत मागवण्याआधी मत्स्यालयाच्या दुकानातून केएच किट, म्हणजे क्षारता मोजायचं किट, घ्या. पाण्यात थेंब टाकत जायचं, रंग बदलेपर्यंत. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे जवळजवळ १८ क्षारता, तरी डबीवर बघून घ्या. माझ्याकडे एकवीस लागले होते.

जाता जाता, पुदिना त्याच पाइपात लावलाय असं दिसतंय. काढा. त्याची मुळं महिनाभरात पाइप तुंबवतात. आणि मे महिन्यात कोथिंबिरीचा हट्ट नको, ती फुलावरच जाते.

थेंब किती लागले ते कळवा. नळाचं आणि बोअरचं वेगवेगळं मोजा.